टोपीवरचे शेकरू

दिवाळी उलटली, पहाटे दव पडू लागले, की कपाटाच्या वरच्या कप्प्यातून लोकरीचे कपडे खाली येतात. डांबराच्या गोळ्यांचा वास जाईपर्यंत उन्हात पडतात. मग शाळेच्या रिक्षांमधून रंगीत कानटोप्या दिसू लागतात. त्यांच्याकडे एकदा नीट पाहा. एकीवर रेनडियर, दुसरीवर बर्फाची चांदणी, तिसरीवर पेंग्विन. पुण्या-नाशकाच्या मुलाने यातले काहीही दारात पाहिलेले नसते.

रेनडियर वाईट आहे असे नव्हे. पण तोही कोणाच्या तरी दारचाच आहे. नॉर्वेतल्या सेल्बू गावात १८५७ साली मारित गुल्डसेथ नावाच्या मुलीने काळ्यापांढऱ्या लोकरीचे, आठ पाकळ्यांच्या फुलाचे हातमोजे विणले आणि ते घालून ती चर्चला गेली, अशी हकिगत सांगतात. पाहता पाहता गावातल्या बायका तसे मोजे विणू लागल्या आणि त्यावर गावाचा संसार चालला. स्कॉटलंडच्या उत्तरेला फेअर आयल नावाचे चिमुकले बेट आहे. तिथला रंगीत नक्षीचा स्वेटर १९२०च्या दशकात इंग्लंडच्या युवराजाने घातला आणि ती नक्षी जगभर गेली. लोकांनी आपल्या दाराबाहेरचे सुयांवर घेतले, इतकीच यातली गोष्ट.

आपल्याकडे हे नाही असे कोण म्हणेल? पैठणीच्या पदरावर मोर आहे, काठात मुनिया आहे. वारलीच्या भिंतीवर जंगल आहे. लोकरीवर मात्र आपले काहीच उतरले नाही. सुया आणि लोकर साहेबाबरोबर आली, नमुन्यांची पुस्तकेही त्याचीच. मी बँकेत होते तेव्हा दुपारच्या सुट्टीत आम्ही चौघी-पाचजणी डबा खाऊन विणायला बसत असू. पुस्तक मधोमध उघडे. त्यातले बदक आम्ही टाक्याला टाका उतरवून घेत असू. भीमाशंकरचे शेकरू विणावे, असे कोणाच्याही मनात आले नाही.

या हिवाळ्यात ते विणायला घेतले. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. खारीच्याच कुळातला, पण अंगापिंडाने कितीतरी मोठा. पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिक्कट आणि शेपटी धडाइतकी किंवा त्याहूनही लांब. त्याच्यासाठी प्रसिद्ध असलेले भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले.

विणण्याआधी हिशेब येतो, आणि हिशेबाला मी घाबरत नाही. दहा नंबरच्या सुया आणि फोर-प्लाय लोकर घेतली तर दहा सेंटिमीटरमध्ये साधारण २८ टाके आणि ३६ ओळी बसतात. लहान मुलाच्या टोपीला १३२ टाके पुरतात. एक शेकरू २२ टाक्यांचे धरले, की टोपीभोवती बरोबर सहा बसतात. बाकी शून्य. बाकी उरली तर शेवटच्या शेकराचे डोके पहिल्याच्या शेपटीवर येते.

दुसरी गोम आलेखाच्या कागदाची. त्यावरचा चौकोन समभुज असतो, विणीतला टाका मात्र रुंदीला जास्त आणि उंचीला कमी. कागदावर २२ बाय २२ घरांत काढलेले शेकरू टोपीवर आठ सेंटिमीटर रुंद आणि सहा सेंटिमीटर उंच, म्हणजे बुटके बैठे मांजर होते. म्हणून ते कागदावर २८ ओळींचे, जरा उंचच काढायचे.

एका ओळीत रंग दोनच, हा या विणीचा जुना शिरस्ता. जमीन सायीच्या रंगाची, शेकरू तांबूस. मग फिक्कट पोट कसे दाखवायचे? ते दाखवायचेच नाही. तिथे जमिनीचाच रंग सोडून द्यायचा. बघणाऱ्याचा डोळा पोट भरून घेतो. शेपटी मात्र सोडता येत नाही. फांदीवर बसलेल्या शेकराची ती खाली लोंबते. आखूड झाली, की साधी खार.

चार सुयांवर गोल विणले तर सगळे टाके सुलटच येतात आणि नक्षी सतत समोर राहते. जो रंग कामात नसतो, त्याचा धागा मागून चालत राहतो. चार-पाच टाक्यांनी त्याला अडकवून घ्यावे लागते, नाहीतर मुलाची बोटे त्यात गुंततात. ओढून घेतला तर टोपी आवळते आणि डोक्यात जात नाही. दोन शेकरांमध्ये पानांचे ठिपके टाकले, की मागचे धागे आपोआप आखूड होतात. मागे असे दोन थर झाल्याने टोपी उबदारही होते.

टोपी उलटी करून ते धागे पाहताना भीमाशंकरचे रान आठवते. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. एका उडीत वीसएक फूट पार करत ते झाडावरून झाडावर जाते. पानाकाटक्यांची घरटीही उंच फांद्यांत, एकापेक्षा जास्त. फांदीला फांदी लागलेली असेल तोवर त्याची वाट शाबूत. मध्ये रुंद पट्टा मोकळा केला, मग तो रस्त्यासाठी असो की गाड्या लावण्यासाठी, की ती वाट तुटते. दुरून रान तेवढेच हिरवे दिसते. तिथल्या देवरायांना पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड लागली नाही, म्हणून बरेच काही टिकले. देवाच्या भीतीने राखलेले आता समजुतीने राखायचे आहे.

काठाच्या १४ ओळी, नक्षीच्या ३६ आणि वर दर ओळीला सहा टाके कमी करत २० ओळी. एकूण टाके ७,९८०. शेवटी उरलेल्या बारा टाक्यांतून धागा ओवून घट्ट ओढायचा. बाजारात तयार टोपी लोकरीच्या किमतीतही मिळेल. वेळेचा भाव धरला तर हा व्यवहार कोणत्याही बँकेत नामंजूर होईल.

तरी करावा. कारण टोपी पाहून शेजारचा मुलगा विचारतो, ‘आजी, हा कांगारू का?’ कांगारू त्याला ठाऊक असतो, शंभर किलोमीटरवरचे शेकरू नसते. सुयांना चित्र काढता येते, नाव सांगता येत नाही. ते आपल्यालाच सांगावे लागते. विणणारे हात आणि नाव सांगणारी तोंडे, दोन्ही एकाच वयाची होत चालली आहेत.

म्हणून म्हणते, एक आलेखाचा कागद आणा. कोकणातल्यांनी धनेशाची चोच काढावी, भिगवणकडच्यांनी रोहित पक्ष्याचे लांब पाय, सोलापूरकरांनी काळविटाची पिळदार शिंगे. टाके मोजताना नातवाला शेजारी बसवा. मोजणीत त्याची मदत होईल आणि टोपी पुरी होईपर्यंत नाव पाठ होईल.