बंदूक-उत्पादकांचे दायित्व, अमेरिकेतील

बंदुकीने झालेल्या मृत्यूबद्दल अथवा इजेबद्दल ती झाडणाऱ्याप्रमाणेच ती तयार करणाऱ्या कंपनीकडूनही नुकसानभरपाई वसूल करता येते काय, हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अपकृत्य विधीचा एक वादग्रस्त प्रश्न. सदोष वस्तूमुळे अपाय झाल्यास तिचा उत्पादक जबाबदार असतो, हे तत्त्व तेथे विसाव्या शतकात दृढमूल झाले. बंदुकीला मात्र ते जसेच्या तसे लागू पडत नाही. चाप ओढताच नळी फुटली, तर तो वस्तूचा दोष होय. पण गोळी नेम धरलेल्या माणसास लागली, तर बंदुकीने आपले कामच केलेले असते. शिवाय कारखाना आणि मृत व्यक्ती यांच्यामध्ये घाऊक व्यापारी, दुकानदार, पुष्कळदा एखादा चोरटा विक्रेता आणि शेवटी गुन्हेगार अशी साखळी असते. तिच्या पहिल्या कडीवर जबाबदारी ठेवणे, ही वादी पक्षाची मुख्य अडचण होय.

या कायदेशीर प्रश्नाला राजकारणाचे अस्तर आहे. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्काचा उल्लेख सुनियंत्रित नागरी सेनेच्या संदर्भात आला आहे. तो हक्क व्यक्तिगत स्वरूपाचा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात २००८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. १८७१ मध्ये नेमबाजीस उत्तेजन देण्यासाठी स्थापन झालेली नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था १९७७ च्या सिनसिनाटी येथील अधिवेशनात नेतृत्वबदल झाल्यापासून शस्त्रनियंत्रणाची कडवी विरोधक बनली. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी आयोग नेमणारा १९७२ चा संघीय कायदा बंदुकांना लागू नाही. खेळण्यातले पिस्तूल सुरक्षित आहे की नाही, हे तो आयोग पाहू शकतो. खऱ्या पिस्तुलाबाबत त्याला अधिकार नाही. विधिमंडळाची वाट अशी अडल्यावर न्यायालयाचे दार ठोठावले गेले, यात नवल नाही.

मेरिलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्वस्त व लहान पिस्तुलांचे उत्पादक गुन्ह्यातील इजेस जबाबदार ठरू शकतात, असे मानले. पण १९८८ मध्ये त्या राज्याच्या विधिमंडळाने हा निर्णय कायदा करून निष्प्रभ केला. पुढे ब्रुकलिनच्या संघीय न्यायालयात वेगळी मांडणी झाली. शिथिल कायद्यांच्या राज्यांत उत्पादक प्रमाणाबाहेर माल ओततात आणि तो चोरवाटेने न्यूयॉर्कमध्ये येतो, ही वितरणातील हयगय होय, असा तो युक्तिवाद होता. १९९९ मध्ये ज्यूरीने २५ पैकी १५ कंपन्यांना हयगयीबद्दल दोषी धरले. तथापि उत्पादकांचे जनतेप्रती असे कर्तव्य नाही, असे मत न्यूयॉर्क राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने २००१ मध्ये दिल्यावर तो निकाल टिकला नाही.

१९९८ च्या अखेरीस तंबाखू कंपन्यांनी ४६ राज्यांशी प्रचंड रकमेची तडजोड केली. त्याच सुमारास न्यू ऑर्लीन्स व शिकागो या शहरांनी बंदूक-उत्पादकांवर दावे लावले आणि लवकरच अशा शहरांची व परगण्यांची संख्या ३० वर गेली. पोलीस आणि रुग्णालये यांवरील खर्च भरून मिळावा, अशी त्यांची मागणी होती; तिला सार्वजनिक उपद्रवाच्या जुन्या तत्त्वाचा आधार घेण्यात आला. विधिमंडळाकडून जे मिळाले नाही, ते दाव्यांच्या खर्चाचा धाक घालून मिळविण्याचा हा प्रयत्न आहे, हा कंपन्यांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसन या कंपनीने क्लिंटन प्रशासनाशी करार करून पिस्तुलांना सुरक्षा-कुलपे बसविण्याचे व विक्रेत्यांवर नजर ठेवण्याचे मान्य केले. ग्राहकांनी तिच्यावर बहिष्कार घातला. टॉमकिन्स या ब्रिटिश उद्योगसमूहाने ११ कोटी २५ लाख डॉलरना घेतलेली ही कंपनी २००१ मध्ये दीड कोटी डॉलरना विकली गेली. त्यानंतर तडजोडीच्या वाटेस दुसरा मोठा उत्पादक गेला नाही.

राष्ट्राध्यक्ष बुश यांनी २६ ऑक्टोबर २००५ रोजी सही केलेल्या संघीय कायद्याने त्रयस्थाच्या गुन्ह्याबद्दल उत्पादक व विक्रेते यांच्यावर दावा लावण्यास मनाई केली. सदोष वस्तू, धोकादायक व्यक्तीच्या हाती जाणूनबुजून शस्त्र देणे आणि विक्री वा जाहिरात यांसंबंधीच्या कायद्याचा जाणीवपूर्वक भंग, असे काही अपवाद त्यात ठेवले होते. शेवटचा अपवाद पुढे महत्त्वाचा ठरला.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातील न्यूटाऊन येथील सँडी हुक शाळेत २० मुले व ६ प्रौढ गोळीबारात ठार झाले. मारेकऱ्याने आत्महत्या केली होती. रायफल त्याच्या आईने कायदेशीरपणे विकत घेतली होती आणि तिलाही त्याने आधीच ठार केले होते. नऊ कुटुंबांनी रायफलीची उत्पादक रेमिंग्टन कंपनी हिच्यावर दावा लावला. लष्करी धर्तीचे हे शस्त्र पुरुषार्थाचे लक्षण म्हणून तरुणांपुढे मांडणे, हा राज्याच्या अनुचित व्यापारविषयक कायद्याचा भंग होय, असे त्यांचे म्हणणे होते. हा दावा चालू शकतो, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली. रेमिंग्टनचे दिवाळे निघाले असल्याने ही रक्कम तिच्या विमा कंपन्यांनी दिली. कंपनीची अंतर्गत कागदपत्रे प्रसिद्ध करण्याचा हक्कही कुटुंबांना मिळाला. दायित्वाचा मूळ प्रश्न मात्र ज्यूरीपुढे गेलाच नाही.

न्यूयॉर्क (२०२१) व कॅलिफोर्निया (२०२२) यांसारख्या राज्यांनी याच अपवादाचा उपयोग होईल असे कायदे केले. मेक्सिको सरकारने २०२१ मध्ये बॉस्टन येथे अमेरिकन उत्पादकांवर दावा लावून, आपल्याकडील टोळ्यांना शस्त्रे पोहोचविणाऱ्या विक्रेत्यांना ते साहाय्य करतात, असा आरोप केला. ५ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. मालाचा काही भाग गुन्हेगारांकडे जातो हे ठाऊक असणे म्हणजे गुन्ह्यास साहाय्य नव्हे, असे न्यायमूर्ती एलेना केगन यांनी निकालपत्रात म्हटले. राज्यांचे नवे कायदे त्या खटल्यात विचारार्थ नव्हते.