फॉस्फेटची खूण

एटीपी म्हणजे पेशीतले ऊर्जेचे चलन, असे आपण वर्गात शिकवतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. एटीपीमधला एक फॉस्फेट गट काढून एखाद्या प्रथिनाला जोडला, की त्या प्रथिनाचे काम सुरू होते किंवा थांबते. फॉस्फेटवरच्या ऋण विद्युतभारामुळे प्रथिनाचा आकार किंचित बदलतो, म्हणून हे घडते. फॉस्फेट जोडणारी विकरे म्हणजे कायनेज, काढणारी फॉस्फटेज. फिशर आणि क्रेब्स या शास्त्रज्ञांना हे १९५५ च्या सुमारास स्नायूंचा अभ्यास करताना उमगले. नोबेल पारितोषिकासाठी मात्र १९९२ साल उजाडावे लागले!

माणसात पाचशेहून अधिक कायनेज आहेत. त्यांतले एकच निकामी असेल तर?

१९५२ मध्ये ब्रूटन या अमेरिकन डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याला पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होत असे. रक्त तपासले तर त्यात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडे असलेला भागच नव्हता. तो बाहेरून टोचल्यावर आजारपणे थांबली. मूळ कारण कळले १९९३ मध्ये. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशींना बाहेरून मिळालेला संदेश आत पोचवणारे एक कायनेज अशा मुलांमध्ये सदोष असते. संदेशाअभावी या पेशी अस्थिमज्जेतच खुंटतात. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. उलट, बी-पेशींच्या काही कर्करोगांत हाच संदेश अखंड चालू राहतो. तेथे हेच कायनेज अडवणारे औषध २०१३ पासून वापरात आहे.

आता मेंदूकडे वळू. चेतापेशींच्या सांध्यात संदेश आला, की कॅल्शियम आत शिरते आणि क्षणात ओसरते. मग आठवण टिकते कशी? हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. तेथे एक कायनेज विपुल असते. त्याचे बारा घटक फुलाच्या पाकळ्यांसारखे एकत्र बसलेले असतात. कॅल्शियममुळे जागे झालेले घटक शेजारच्या घटकांना फॉस्फेट जोडतात, त्यामुळे कॅल्शियम ओसरल्यावरही ते काही काळ जागेच राहतात. १९९८ मध्ये उंदरांमध्ये या कायनेजचे २८६ क्रमांकाचे अमिनो आम्ल असे बदलले, की तेथे फॉस्फेट जोडता येऊ नये. बाकी विकर तसेच ठेवले. मग त्या उंदरांना पाण्याखाली दडवलेल्या फळीची जागा शिकवली. ते पोहत होते, शोधत होते. जागा मात्र त्यांच्या लक्षात राहत नव्हती.