कॅन्सरचं औषध किडनीला कशासाठी?

आर्वी-हिंगणघाटकडून सेवाग्रामला किंवा सावंगीला दाखवायला आलेल्या किडनीच्या पेशंटला डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब लिहून दिलं, की घरातलं कुणीतरी मोबाईलवर ते नाव शोधतं, ‘लिम्फोमा’ वाचतं आणि हादरतं. बाबांना कॅन्सर झालाय आणि डॉक्टर लपवताहेत!

तसं काही नसतं. १९९७ मध्ये अमेरिकेत हे औषध लिम्फोमा या कॅन्सरसाठीच मंजूर झालं, हे खरं. पण ते ज्या बी-पेशींना टिपतं, त्यांच्याच वंशातून शरीरातल्या अँटिबॉडी तयार होतात. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या किडनीच्या आजारात अशाच काही अँटिबॉडी स्वतःच्याच किडनीच्या गाळणीवर उलटतात. लघवीतून प्रोटीन वाहून जातं, फेस येतो, पाय सुजतात. त्या बनवणाऱ्या पेशींना आवरायला बाहेरून रिटुक्सिमॅब ही तयार अँटिबॉडी द्यायची, असा हा काट्याने काटा काढायचा उपचार. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३० रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी रिटुक्सिमॅब घेतलेल्यांपैकी ६० टक्के जणांचा आजार आटोक्यात होता. सायक्लोस्पोरिन हे दुसरं औषध घेतलेल्यांत २० टक्के.

‘मग डायलिसिसवाल्या काकांनाही देऊन टाका.’ नाही. शुगर-बीपीने निकामी होऊन आक्रसलेल्या किडनीला या इंजेक्शनचा उपयोग शून्य. म्हणून आधी रक्ततपासणी आणि बऱ्याचदा बायोप्सी. शिवाय मेम्ब्रेनसच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत आजार आपोआप ओसरतो. डॉक्टर ‘थोडं थांबू’ म्हणाले, तर तो टाळाटाळीचा प्रकार समजू नये.

आठवड्यात सूज उतरेल, हीही भाबडी आशा. पंधरा दिवसांच्या अंतराने एकेक ग्रॅमचे दोन डोस ही एक प्रचलित पद्धत. प्रोटीन मात्र महिनोन्‌महिने हळूहळू कमी होतं आणि आजार पुन्हा उलटूही शकतो. पहिलं सलाईन मुद्दाम संथ सोडतात. त्याआधी पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीचं औषध, बहुधा स्टेरॉईड. मध्येच थंडी वाजली, घसा खवखवला, बीपी उतरला तर सिस्टर सलाईन थांबवतात आणि वेग कमी करून पुन्हा लावतात. शेवटची एसटी चुकेल म्हणून ‘जरा फास्ट करा ना’ असं त्यांना म्हणू नका. हिपॅटायटिस बी ची तपासणीही फालतू खर्च नव्हे: दबून बसलेला तो विषाणू या औषधानंतर उसळू शकतो, कधी जिवावर बेततो.

आणि कधी कधी दोष घरातल्या डबीत असतो. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ दरम्यान पाहिलेल्या मेम्ब्रेनसच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत एनईएलएल-१ (NELL-1) हा विशिष्ट प्रकार निघाला. त्यांतले १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते. अशा क्रीममधला पारा हे त्याचं एक कारण. पारा असलेल्या देशी औषधांचंही तेच. ती बंद केल्यावर यांतले बरेच जण रिटुक्सिमॅबशिवाय सुधारतात. म्हणून तपासणीला जाताना क्रीमची डबी आणि वैदूची पुडी फाईलसोबत घेऊनच जा.