बटण दाबल्यानंतरचा वेळ

फोटोग्राफरचा धंदा म्हणजे आरामाचा, असा पुष्कळांचा समज आहे. बटण दाबायचं आणि पैसे मोजून घ्यायचे! हा समज काही आजचा नाही. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर फोटोंची फिल्म आधीच भरलेली असे. फोटो संपले की गिऱ्हाइकानं अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. कंपनी फोटो धुऊन, छापून, नवी फिल्म भरून कॅमेरा परत करी. तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचं आमच्याकडे लागलं, असा तो सौदा होता. पण हे ‘बाकीचं’ कुणाला तरी करावंच लागत होतं. गावातल्या लहानशा स्टुडिओत ते आपल्यालाच करायचं असतं. छोट्या धंद्याचा वेळ हातून निसटतो तो इथेच.

माझा स्टुडिओ गडबला, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला. मागे वडखळ, पुढे नागोठणं. सकाळी दुकान उघडलं की कुणी पासपोर्ट फोटोसाठी येतं, कुणी शाळेच्या अर्जासाठी, कुणी डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या गेटपाससाठी. ही कामं दहा-पंधरा मिनिटांची. पण स्टुडिओ चालतो तो लग्नांवर. तुळशीची लग्नं लागली की माणसांची सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागेपर्यंत चालतात. मधे पौष थंड जातो. म्हणजे वर्षाची कमाई मोजक्या महिन्यांत गोळा करायची असते. त्यामुळे आलेली तारीख नाकारायला जीव धजत नाही.

आता जरा हिशेब मांडू. आमच्या आगरी लग्नात हळद हाच मोठा सोहळा. धवलारीण धवले गाते, पाहुणे जमतात, रात्र चढत जाते. हळद आणि लग्न मिळून दोन दिवस. फिल्मच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो निघायचे. पाच रोल वापरले तरी १८० फोटो. डिजिटल कॅमेऱ्यात तेच अडीच हजार होतात. प्रत्येक फोटोकडे फक्त पाच सेकंद पाहायचं म्हटलं तरी निवडीलाच साडेतीन तास लागतात. निवडलेल्या ३०० फोटोंचा रंग-उजेड दुरुस्त करायला प्रत्येकी दोन मिनिटं धरा. झाले दहा तास. अल्बमची पानं लावायला आणखी एक दिवस. म्हणजे दोन दिवसांच्या लग्नामागे तीन दिवस खुर्चीवर. वैशाखात आठ लग्नं घेतली, तर सोळा दिवस कॅमेऱ्यामागे आणि चोवीस दिवस संगणकापुढे. एकूण चाळीस! महिना तर तिसाचाच. हे दहा दिवस येतात कुठून? झोपेतून, घरच्यांच्या वाट्यातून, नाहीतर गिऱ्हाइकाला दिलेल्या शब्दातून. “दादा, अल्बम कधी?” “आठ दिवसांत देतो.” हे आठ दिवस पुढे कसे लांबतात, ते आपण सगळे जाणतो.

म्हणून पहिला नियम असा. डायरीत लग्नाची तारीख लिहितानाच तिच्यामागचे तीन दिवसही लिहायचे. ते लग्नाला लागून नसले तरी चालतील, आषाढातले असले तरी चालतील. पण कागदावर असले पाहिजेत. मग अल्बमची खरी तारीख आपोआप कळते आणि तीच पावतीवर लिहिता येते. दीड महिना लागणार असेल तर दीड महिना सांगावा. लोक उशिरावर तितके रागावत नाहीत, खोट्या शब्दावर रागावतात. मात्र निवडक वीस फोटो दोन दिवसांत मोबाइलवर पाठवून द्यावेत. नव्या नवरीच्या माहेरी ते पोचले की अल्बमची घाई निम्मी होते.

दुसरा नियम, फोटो काढतानाच निवड करावी. कार्डात जागा आहे म्हणून एकाच आहेराचे दहा फोटो काढले, तर पुढे दहा वेळा पाहावे लागतात. विधींचा क्रम ठाऊक असेल तर पुढचा क्षण आधीच कळतो आणि बाराशे फोटोंत सगळं लग्न बसतं. निवडीचा वेळ तिथेच निम्म्यावर येतो.

तिसरा नियम, कितीही रात्र झाली तरी कार्ड त्याच रात्री उतरवायचं. प्रती दोन, दोन वेगळ्या डिस्कवर आणि त्यातली एक दुकानाबाहेर, घरी. अर्ध्या तासाचं काम आहे. पण गेलेलं लग्न पुन्हा लागत नाही. तो अर्धा तास वाचवणं हा सगळ्यात महागडा सौदा.

चौथी गोष्ट गिऱ्हाइकाच्या वेळेची. अल्बमसाठी फोटो निवडायला दिले की काही घरांत ते महिनोन्महिने पडून राहतात. काकांना विचारायचं असतं, आत्याला दाखवायचं असतं. १९५५ साली पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं लिहिलं होतं, की जितका वेळ द्यावा तितकं काम पसरत जातं. म्हणून निवडीला पंधरा दिवसांची मुदत पावतीवरच घालावी. पैशांचा शेवटचा हप्ताही अल्बम लांबला की लांबतो, हे विसरू नये.

पाचवी गोष्ट रस्त्याची. आमच्या महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं लांबलं. वडखळच्या कोंडीत किती वेळ जाईल, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नसे. मुहूर्त काही फोटोग्राफरसाठी थांबत नाही. तेव्हापासून निघण्याच्या वेळेत एक तास जास्तीचा धरायची सवय लागली. लवकर पोचलो तर रिकाम्या मांडवाचे, सजावटीचे फोटो निवांत मिळतात.

पावसाळा हा आमचा रिकामा काळ मानला जातो, पण तोच खरा भरण्याचा. कोकणातल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबे, सिलिका जेलच्या पुड्या, कॅमेऱ्याची सफाई, उरलेले अल्बम, सगळं तेव्हाच. आणि जुन्या फोटोंची व्यवस्था लावायची तीही तेव्हाच. वर्ष, महिना, तारीख, गाव, घराचं नाव, अशा क्रमानं प्रत्येक लग्न ठेवायचं.

या शेवटच्या कामाला पैसे मिळत नाहीत, म्हणून ते मागे पडतं. पण गावातला स्टुडिओ नुसता लग्नावर जगत नाही. एखाद्या घरातलं वडीलधारं माणूस जातं आणि दुसऱ्या दिवशी मुलगा दारात उभा राहतो. भिंतीवर लावायला आईचा एक फोटो हवा असतो. तिनं स्वतःहून कधी फोटो काढलेला नसतो. असतो तो कुणाच्या तरी हळदीत, गर्दीत हसताना टिपलेला. त्या मुलाला वर्ष आठवत नाही, फक्त पुतणीचं लग्न आठवतं. फोटो नीट लावलेले असतील तर तो चेहरा दहा मिनिटांत सापडतो आणि संध्याकाळपर्यंत चौकट तयार होते. नसतील तर दोन दिवस शोधूनही हाती काही लागत नाही. त्या वेळी “आठ दिवसांनी ये” असं म्हणता येत नाही.

वेळेचं नियोजन म्हणजे घड्याळाशी शर्यत नव्हे. कुठलं काम थांबू शकतं आणि कुठलं नाही, हे आधी ओळखून ठेवणं. जे थांबू शकतं त्याची तारीख लिहून टाकावी, म्हणजे जे थांबू शकत नाही त्यासाठी हात मोकळे राहतात.