गासच्या खाजणात पक्षी पाहताना पंचांग हवे

हिवाळ्यात नालासोपाऱ्याच्या पश्चिमेकडील गास-भुईगाव परिसरात पक्षी पाहावयास जाणाऱ्याने घड्याळाआधी पंचांग उघडावे. ओहोटीला तुतवार, चिखल्या यांचे थवे किनाऱ्यावरील उघड्या चिखलात किडे-शिंपले टिपत दूरवर पांगतात. दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. भरतीने चिखल झाकला की हेच थवे आतल्या खाजणातील उथळ पाण्यात विसाव्यास येतात.

ही भरती केव्हा, याचा कोकणी दर्यावर्दींचा आडाखा सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी, पूर्ण भरतीची वेळ मिळते. एकादशीची सव्वाआठची वेळ सकाळच्या फेरीस सोयीची खरी. परंतु अष्टमी-नवमीच्या भांगाला लागून असल्याने पाणी तेव्हा पुरते चढत नाही. त्रयोदशीचे पावणेदहा किंवा चतुर्दशीचे साडेदहा अधिक चांगले, कारण उधाणाकडे झुकलेले पाणीच थव्यांना आत रेटते. तासभर आधी बांधावर पोचावे, ऊन पाठीशी घ्यावे आणि थवा उठेल इतके जवळ जाऊ नये. परतीच्या हजारो किलोमीटरांसाठी साठवलेली चरबी अशा नाहक उड्डाणांत खर्च होते.

खाजण सखल आहे तोवरच हा आसरा. भराव पडला की पक्ष्यांबरोबर पावसाच्या पाण्याचीही जागा जाते. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या. पावसाळी भरतीत नाल्यांचे पाणी समुद्रात उतरू शकत नाही. ओहोटी लागेपर्यंत ते थांबते ते अशाच खोलगट जमिनीवर.