डॅशकॅमचा जोड फ्यूजपासूनच हवा

अपघातानंतर चूक कोणाची, यावरून भर रस्त्यात होणारे वाद लक्षात घेऊन मोटारीच्या काचेमागे डॅशकॅम बसविण्याकडे शहरांतील वाहनधारकांचा कल वाढला आहे. कॅमेरा चिकटविणे हे पाच मिनिटांचे काम. प्रश्न असतो तो त्याला वीज कोठून द्यायची हा. चार्जिंगच्या सॉकेटमध्ये प्लग खोचला की भागते. पण मग मोबाइल चार्ज करायला जागा उरत नाही, वायर गिअरजवळ लोंबत राहते आणि बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करताच कॅमेराही बंद पडतो. रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीला कोणी धडक देऊन पसार झाले, तर त्याचे चित्रण मिळत नाही. म्हणून कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडून घेतला जातो. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात हे काम हातोहात होते. ते कसे केले, हे मात्र गाडीमालक सहसा पाहत नाही.

घाईच्या कामाची पद्धत ठरलेली असते. डॅशबोर्डखाली सापडेल ती वीज असलेली वायर सोलायची, कॅमेऱ्याची वायर तिला गुंडाळायची आणि वर काळी टेप मारायची. कॅमेरा सुरू होतो, ग्राहकही समाधानी होतो. धोका यापुढे आहे. फ्यूज हा मुख्यतः वायरच्या रक्षणासाठी असतो, उपकरणाच्या नव्हे. समजा, मूळ वायर जाड असून तिला २० अँपिअरचा फ्यूज आहे. तिला जोडलेली कॅमेऱ्याची वायर मात्र अगदी बारीक आहे. पत्र्याच्या धारेवर घासून या बारीक वायरचे आवरण कापले गेले आणि तिच्यातून १५ अँपिअर वाहू लागले, तरी २० अँपिअरचा फ्यूज उडणार नाही. फ्यूजच्या लेखी सारे आलबेल असते आणि इकडे वायर तापून तिचे प्लॅस्टिक वितळू लागते. आसपास फोम, कापड आणि इतर वायरींचा जुडगा असतो. उन्हात तापलेल्या बंद गाडीत टेपचा गोंद सुटतो, ते वेगळेच.

यावरचा उपाय स्वस्त आहे. 'फ्यूज टॅप' नावाचा छोटा जोड मिळतो. फ्यूज बॉक्समधील एक फ्यूज काढून त्या जागी हा टॅप बसवितात. त्यात दोन खाचा असतात. एकीत मूळ फ्यूज जातो, दुसरीत कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज. मूळ वायरला धक्काही लागत नाही. टॅप घेताना गाडीतील फ्यूजचा आकार पाहून घ्यावा, कारण मिनी, मायक्रो असे त्याचे अनेक प्रकार आहेत. टॅपची दिशाही महत्त्वाची आहे. ज्या बाजूने वीज येते ती मल्टिमीटरने तपासून टॅप बसवावा. उलटा बसल्यास कॅमेऱ्याचा प्रवाह मूळ फ्यूजमधूनच जातो. यासाठी सॉकेट, ऑडिओ यांसारख्या दुय्यम सोयींचे फ्यूज निवडावेत. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग व इंजिन यांच्या फ्यूजना हात लावू नये.

कॅमेरा साधारणतः ५ व्होल्टवर चालतो आणि गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. त्यामुळे मध्ये व्होल्टेज उतरविणारे 'हार्डवायर किट' लागते. त्याच्या तीन वायरींपैकी एक चावी फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या फ्यूजला आणि दुसरी कायम वीज असणाऱ्या फ्यूजला जाते. तिसरी अर्थिंगची, ती गाडीच्या सांगाड्यात घट्ट बसलेल्या बोल्टला जोडतात. बोल्टखाली रंगाचा थर असेल, तर कॅमेरा मध्येच बंद पडतो आणि दोष उगाच कॅमेऱ्याला दिला जातो.

काचेच्या कडेच्या खांबातून वायर नेताना विशेष जपावे लागते. ज्या गाड्यांत बाजूच्या पडदा-एअरबॅग आहेत, त्यांत त्या छताच्या कडेने बसविलेल्या असतात आणि अनेकदा या खांबाच्या आवरणाखालीही उतरतात. वायर एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे. पुढून नेलेली वायर एअरबॅग उघडताना आडवी येऊ शकते.

राहिला प्रश्न बॅटरीचा. उभ्या गाडीत चित्रण करणारा कॅमेरा अर्धा अँपिअर वीज घेत असेल, तर लहान मोटारीच्या ३५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीतील निम्मी वीज सुमारे ३५ तासांत संपते. शुक्रवारी रात्री उभी केलेली गाडी रविवारी सकाळी सुरू होताना कुरकुरेल. बॅटरी जुनी असेल, तर कदाचित होणारही नाही. चांगल्या किटमध्ये व्होल्टेज ठराविक पातळीखाली जाताच पुरवठा तोडण्याची सोय असते. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, १२.२ ला ती जवळपास निम्मी रिकामी झालेली असते. म्हणून ही मर्यादा १२.२ च्या आसपास ठेवणे बरे. ११.८ वर ठेवल्यास चित्रण जास्त वेळ मिळते, पण गाडी ढकलावी लागण्याची तयारी ठेवावी. गाडी आठवडाभर जागेवरच राहणार असेल, तर कायम विजेच्या टॅपमधील कॅमेऱ्याचा छोटा फ्यूज काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवावा.