फरशीखालचा जमाखर्च

बीडहून परळीकडे आणि धारूरहून माजलगावकडे जाणारे रस्ते ज्या तेलगावात एकमेकांस छेदतात, तेथे लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्याच्या आश्रयाने व चौफुल्यावरील व्यापाराच्या ओघाने जी पक्की घरे उठली, त्यांतील जुन्या घरांची न्हाणीघरे आता दुरुस्तीच्या वयाची झाली आहेत. मालक प्रथम दुकानात जाऊन फरशा पसंत करतो, गवंड्याशी उक्ते ठरवतो, आठवड्याभरात काम उरकेल अशी घरच्या मंडळींची समजूत घालतो. आणि पहारीच्या घावाने जुनी फरशी उखडली म्हणजे तिच्याखालून जे निघते, त्याची तजवीज त्या अंदाजपत्रकात कोठेच नसते. त्यास आपण आकस्मिक म्हणतो खरे, परंतु त्यातील बहुतेक गोष्टी माती, पाणी आणि पूर्वीची कारागिरी यांच्याकडे पाहून आधीच ओळखता आल्या असत्या.

मातीचेच पाहा. वस्ती पांढरीवर आणि पेरणी काळीत, हा दंडक मराठवाड्यातील गावांनी पिढ्यान् पिढ्या पाळला. बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट वर्गाची चिकण खनिजे असतात. पावसाळ्यात ती पाणी शोषून फुगतात आणि वैशाखात आकसून अशा भेगा पाडतात की त्यांत हात सहज जावा. गाव रस्त्याच्या कडेने वाढले की नवे बिनशेती भूखंड मात्र काळीतच पडतात. तेथे पाया पक्क्या मुरमापर्यंत नेला नसेल, आतला भराव थराथराने चोपला नसेल, तर न्हाणीची जमीन दरसाल किंचित वर-खाली होते, फरशीचे सांधे उकलतात, सांडपाण्याचा नळ जोडापाशी सुटतो, ते पाणी मातीत मुरते आणि मुरलेल्या पाण्याने माती अधिकच फुगते. अशा वेळी दिसणाऱ्या चिखलावर सिमेंट लिंपून वेळ मारून नेणारा गवंडी मालकाचे पैसे वाचवीत नाही, तो पुढच्या दुरुस्तीची बेगमी करतो. चिखल उपसावा, सुटलेला नळ बदलून त्यास योग्य उतार द्यावा, मुरूम पाणी मारून धुमसाने चोपावा आणि मगच काँक्रीट टाकावे. याला दुसरा उपाय नाही.

पाण्याची तऱ्हा वेगळी. विंधन विहिरीचे पाणी या भागात बहुधा जड लागते. पिण्याच्या पाण्याची एकूण कठिणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालवून घ्यावी, असे भारतीय मानक 10500 (2012) सांगते. जड पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. म्हणून गीझर आणि गरम पाण्याचा नळ आधी तुंबतो. जस्ताचा मुलामा दिलेले जुने लोखंडी नळ तर गंज आणि क्षार यांनी आतून इतके भरतात की मोकळी वाट पेन्सिलीएवढीच उरते, आणि त्यांना नवा जोड देऊ गेले तर आटेच तुटून हातात येतात. सबब अर्धा नळ ठेवून अर्धा बदलण्याची काटकसर करू नये. टाकीपर्यंतचा सर्व नळ बदलावा आणि भिंत बुजवण्यापूर्वी दाब देऊन प्रत्येक जोड तपासावा. विजेच्या तारा उघड्या पडल्याच आहेत तर अर्थिंग पाहून घ्यावे आणि 30 मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारा स्विच बसवावा.

जुन्या गावठाणातल्या माळवदाच्या घरांत अधिक सावध असावे. 30 सप्टेंबर 1993 रोजीच्या किल्लारीच्या भूकंपात जे हजारो जीव गेले, ते मुख्यत्वे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील माळवदाचा भार कोसळल्यामुळे. अशा भिंतीतील माती गळतीने आधीच धुपलेली असते. तिच्यात नळासाठी लांबलचक आडवी खाच मारू देऊ नये. नळ भिंतीबाहेरून न्यावा. शोभा कमी होईल, होऊ द्यावी.

वरच्या मजल्यावरील न्हाणीत जलरोधक थर दिल्यावर चोवीस तास पाणी साठवून खालचे छत तपासतात. उन्हाळ्यात, टँकरची वाट पाहण्याच्या दिवसांत, एवढे पाणी अडवून ठेवणे जिवावर येते. पावसाळ्यात पाणी असते, पण भिंती वाळत नाहीत. आणि दसरा-दिवाळीनंतर पुष्कळसे मजूर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस गेलेले असतात. त्यांतल्या त्यात पावसाळा सरल्यावर आणि फड सुरू होण्यापूर्वी जी उसंत मिळते ती साधावी.

गवंड्याशी करार करताना फरशीवरचे काम उक्ते आणि फरशीखालचे काम मोजमापाने, असा भेद कागदावर लिहून घ्यावा, म्हणजे तंटा उरत नाही. आणि दुकानात जाण्यापूर्वी पाणी जाण्याच्या जाळीजवळच्या दोन-चार फरशा उचलून खाली काय आहे ते गवंड्यासमक्ष पाहावे; दर त्यानंतर ठरवावा.